आयोवातील एक रात्र आणि तळघरातली भट्टी

वाचकहो, थंडी म्हटली की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर काय येते? पहाटे अंगणात पेटवलेली शेकोटी, खांद्यावरचे घोंगडे, हरभऱ्याच्या पाल्यावरचे दव, आणि फार तर निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी. मग द्राक्षबागाईतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या करतात आणि आपण म्हणतो, यंदा थंडीने कहर केला!

२०२४ च्या जानेवारीत मी जी थंडी पाहिली, तिच्यापुढे ही आपली थंडी उन्हाळ्यातच जमा करावी लागेल. त्या थंडीची, आणि तिच्याशी रात्रंदिवस झगडणाऱ्या एका भट्टीची हकीकत आज तुम्हाला सांगणार आहे. गोष्ट परदेशातली असली तरी तिचा शेवट आपल्या विहिरीवरच्या मोटारीपाशी होतो, म्हणून थोडा धीर धरून वाचा.

काळ्या मातीचा परदेश

आमची मुलगी आणि जावई अमेरिकेतील आयोवा राज्यात एम्स नावाच्या गावाजवळ राहतात. नोव्हेंबरात मुलगी बाळंत झाली. आजीला नातीजवळ जायची ओढ, म्हणून मी अर्जित रजा टाकली आणि आम्ही दोघे डिसेंबरच्या अखेरीस तिकडे पोहोचलो.

एम्स हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांना ओळखीचे असेल. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ मधले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर इथल्याच कृषी महाविद्यालयात शिकले. १८९४ साली ते इथून पदवीधर झाले आणि १८९६ साली त्यांनी पुढची पदवीही इथेच घेतली. मी स्वतः बी. एस्सी. अ‍ॅग्री झालेला माणूस, तेव्हा त्या आवारात पाय ठेवताना देवळात शिरल्यासारखे वाटले, हे कबूल करतो.

आयोवाचा मुलूख सपाट आहे. माती काळी, आपल्या गोदाकाठच्या भारी जमिनीची आठवण करून देणारी. मैलामैलावर सरळ काटकोनात रस्ते, आणि मधल्या चौकोनांत एक वर्ष मका तर दुसऱ्या वर्षी सोयाबीन. आम्ही गेलो तेव्हा मात्र रान मोकळे होते. बर्फातून मक्याची धसकटे तेवढी डोकावत होती.

मुलीचे बिऱ्हाड गावाबाहेर, एका शेतकऱ्याच्या जुन्या लाकडी घरात आहे. घरमालक सत्तरी ओलांडलेले. ते स्वतः पाऊण-एक किलोमीटरवर, दुसऱ्या वस्तीवर राहतात. अंगणात पांढरी, आडवी, लांबुळकी टाकी दिसली. मला वाटले पाण्याची असेल. जावईबापू हसून म्हणाले, “बाबा, ती गॅसची आहे. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसची मोठी बहीण समजा.”

ही टाकी ५०० गॅलनची, म्हणजे जवळजवळ १,९०० लिटरची. पण ती ८० टक्क्यांपर्यंतच भरतात. ऊन लागले की आतला द्रव गॅस फुगतो, त्याला जागा हवी. एवढी भरली की आपल्या १४.२ किलोच्या पन्नासाहून अधिक सिलिंडरांचा गॅस तिच्यात मावतो. गॅस मात्र आपल्यासारखा मिश्र नाही. आपल्या सिलिंडरात ब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते. ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खाली गेला की वायू व्हायचा थांबतो आणि नुसता द्रव होऊन बसतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतो. म्हणून तिकडे घराघरांत शुद्ध प्रोपेन जळतो. गावात नळाने येणारा नैसर्गिक वायू असतो, वस्तीवर अशा टाक्या.

याच गॅसवर तिकडचा शेतकरी मकाही वाळवतो. मका काढताना दाण्यात वीस-पंचवीस टक्के ओल असते. ती पंधरा टक्क्यांच्या आसपास आणल्याशिवाय कणगीत भरता येत नाही, आणि तोवर ऊन संपलेले असते. आपण खळ्यावर पसरतो ते काम तिथे गॅसचा जाळ आणि पंखा करतात.

तळघरातले यंत्र

आता त्या भट्टीकडे वळू. तिला तिकडे फर्नेस म्हणतात. घराच्या तळघरात कपाटाएवढी, पत्र्याची, राखाडी रंगाची पेटी उभी असते. आत खाली मोठा पंखा, वर गॅसचे बर्नर, आणि मध्ये पोलादी नळ्या. गॅस नळ्यांच्या आत जळतो. त्याचा धूर वेगळ्या पाइपाने घराबाहेर जातो. खोल्यांतली हवा नळ्यांच्या बाहेरून फिरून तापते आणि पत्र्याच्या बोगद्यांतून प्रत्येक खोलीच्या जमिनीतल्या जाळीतून वर येते. धूर आणि घरातली हवा एकमेकांना कधी भेटत नाहीत. भेटू द्यायचेच नाही, हे या यंत्राचे पहिले कलम.

जुन्या भट्ट्यांचा धूर गरम असल्यामुळे आपोआप धुराड्यातून वर जाई. नव्या भट्ट्या धुरातली उष्णता इतकी पिळून घेतात की बाहेर पडणारा वायू कोमट असतो. तो आपला आपण वर चढत नाही. त्याला ढकलायला छोटा पंखा लागतो. पाइपही प्लॅस्टिकचा चालतो, आपल्या पीव्हीसीसारखा. या घराच्या उत्तरेच्या भिंतीतून, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर असे दोन पांढरे पाइप बाहेर आले होते. एक धूर सोडणारा, दुसरा जळणासाठी ताजी हवा आत घेणारा. हे दोन पाइप लक्षात ठेवा.

वरच्या मजल्यावर भिंतीला थर्मोस्टॅट असतो. त्यावर जावईबापूंनी वीस अंश लावून ठेवले होते. खोली त्याखाली गेली की तळघरात घरघर सुरू होई आणि दीड-दोन मिनिटांत पायाशी ऊब येई. मी पहिले दोन दिवस जाळीजवळच खुर्ची टाकून बसत होतो. तिसऱ्या दिवसापासून विसरूनही गेलो. चांगल्या यंत्राचे असेच असते. ते बंद पडेपर्यंत आठवत नाही.

तेरा जानेवारीची रात्र

जावईबापू ११ तारखेला कामासाठी उत्तरेला मिनिआपोलिस शहरी गेले. १२ तारखेला आयोवावर हिमवादळ आले. मी पाऊस, गारपीट, धुळीचे वादळ पाहिले आहे, पण हे वेगळे. बर्फ वरून पडण्याऐवजी आडवा वाहत होता. दहा पावलांवरचे झाड दिसेना. महामार्ग धोक्याचे झाले आणि जावईबापू तिकडेच अडकले. वादळाच्या पाठोपाठ खरी थंडी उतरली, उणे पंचवीसच्या आसपास, आणि वारा सुरूच.

१३ तारखेच्या रात्री तीनच्या सुमारास सौ.नी मला उठवले. “अहो, नाक गार पडलंय. ती भट्टी वाजत नाहीये.”

थर्मोस्टॅटवर आकडा चौदा होता. वीज होती, दिवे लागत होते. बाळाला मुलीने पोटाशी धरले होते. मी म्हणालो, “तुम्ही तिघी एका खोलीत बसा, मी बघतो.” आणि बॅटरी, टेस्टर, पक्कड घेऊन तळघरात उतरलो.

भट्टीच्या दाराला रुपयाएवढी काच असते. आत एक लाल दिवा लुकलुकत होता. तीनदा लुकलुके, थांबे, पुन्हा तीनदा. दाराच्या आतल्या बाजूला तक्ता चिकटवलेला होता. कितीदा लुकलुकले तर काय बिघाड, याची यादी. हे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. या भट्टीत तीनदा म्हणजे ‘प्रेशर स्विच मिटत नाही’.

तो स्विच मला सापडला. बशीएवढी गोल डबी, तिला एक रबरी नळी आणि दोन वायरी. म्हणजे काय, तर डबी दोन वायरी जोडत नव्हती म्हणून सगळे अडले होते. माझ्या मनात लगेच आले, अरे, हे तर आपल्या स्टार्टरसारखेच! या दोन वायरींना एक तुकडा जोडून दिला की झाले. आपल्याकडे याला ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात आणि ही विद्या महाराष्ट्रात शिकवावी लागत नाही. तारेचा तुकडा मी शोधलासुद्धा. पक्कडीने त्याची टोके सोलली.

तेवढ्यात मुलगी जिन्यावरून ओरडली, “बाबा, मी घरमालकांना फोन केला. ते म्हणतात कशालाही हात लावू नका, मी निघालो!”

मला खरे सांगायचे तर रागच आला. रात्री तीन वाजता, अशा वादळात म्हातारा माणूस कधी पोहोचणार, आणि इथे तान्हे मूल कुडकुडते आहे. तार माझ्या हातात होती. जोडायला अर्धे मिनिट पुरले असते. पण घर त्यांचे, यंत्र त्यांचे, म्हणून थांबलो. थांबलो तो शहाणपणाने नव्हे, संकोचाने. हे मुद्दाम सांगतो.

बाहेर जाणारा माणूस

पंचवीस मिनिटांनी ट्रॅक्टरचा दिवा दिसला. पुढे बर्फ लोटायचे फावडे लावलेला ट्रॅक्टर घेऊन म्हातारबुवा आले होते. मला वाटले, आता हत्यारांची पेटी घेऊन तळघरात येतील. ते घरात आलेच नाहीत. हातात फावडे घेऊन सरळ घराच्या मागे गेले. मी जावईबापूंचा जाड कोट चढवून मागोमाग धावलो.

उत्तरेच्या भिंतीला वाऱ्याने बर्फाचा ढीग लावला होता, माझ्या छातीएवढा. ते दोन पांढरे पाइप कुठे दिसेनात. म्हातारबुवांनी अंदाजाने खणायला सुरुवात केली. मीही हाताने बर्फ ओढू लागलो. पाच मिनिटांत बोटे बधिर झाली. पाइपांची तोंडे मोकळी झाली तेव्हा एकाच्या आत बर्फाचे घट्ट बूच बसलेले होते. ते त्यांनी काढले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “चला, आता खाली.”

तळघरात त्यांनी भट्टीचे विजेचे बटण बंद केले, थोडे थांबून पुन्हा चालू केले. मग म्हणाले, “आता ऐका. ही एकेक पायरी चढते. आधीची पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची चढत नाही.” त्यांचे इंग्रजी मी माझ्या मराठीत सांगतो आहे.

वर थर्मोस्टॅट उष्णता मागत होता. ही मागणी २४ व्होल्टच्या बारीक वायरीने बोर्डाकडे येते. बोर्ड म्हणजे पोस्टकार्डाहून थोडी मोठी हिरवी पट्टी, वर काळे ठिपके आणि रिले. बोर्डाने पहिल्यांदा प्रेशर स्विच उघडा आहे ना, हे पाहिले. मग धूर ढकलणारा छोटा पंखा सुरू केला. पंख्याने ओढ घेतली की रबरी नळीतला दाब कमी होतो, त्या गोल डबीतला पडदा खेचला जातो आणि दोन वायरी जुळतात. टक् असा बारीक आवाज आला. म्हणजे धुराची वाट मोकळी असल्याचा पुरावा मिळाला.

मग काचेतून एक लहानसा तुकडा लाल, नंतर पिवळसर पांढरा झालेला दिसला. हा विजेने तापणारा इग्नायटर, काड्यापेटीच्या जागी. तो हजार अंशांच्या वर तापतो. तो तापल्यावरच गॅसचा व्हॉल्व्ह उघडला, आणि निळी ज्योत एका बर्नरवरून दुसऱ्यावर धावत गेली.

“आता सर्वांत हुशार भाग,” म्हातारबुवा म्हणाले. ज्योतीच्या आत एक बारीक सळई उभी असते. बोर्ड तिला उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी वीज देतो. ज्योतीतून अगदी क्षीण वीज वाहू शकते. सळई बारीक आणि समोरचा बर्नर मोठा असल्याने ती एका दिशेने जास्त वाहते. अँपिअरचे दहा लाख भाग केले तर त्यांतले दोन-चार भाग, एवढाच हा प्रवाह. बोर्ड नेमका तो एकेरी प्रवाह शोधतो. कुठे वायर घासून पत्र्याला लागली, तर वीज दोन्ही दिशांना सारखी वाहील आणि बोर्ड ती ज्योत समजणार नाही. काही सेकंदांत हा पुरावा मिळाला नाही तर व्हॉल्व्ह बंद. दोन-चार प्रयत्न फसले की बोर्ड हात जोडून बसतो, पण न जळलेला गॅस घरात सोडत नाही.

ज्योत टिकली. अर्ध्या मिनिटाने, नळ्या तापल्यावर मोठा पंखा सुरू झाला. आधी सुरू झाला असता तर खोल्यांत गार वारा आला असता; तेवढाही विचार त्या पट्टीत आहे. आणखी एक स्विच नळ्यांजवळ बसून जास्त ताप होत नाही ना पाहतो. हवेची गाळणी धुळीने बुजली की हाच स्विच भट्टी थांबवतो.

वरून सौ.चा आवाज आला, “अहो, आली ऊब!”

म्हातारबुवांचे लक्ष तेव्हा माझ्या हाताकडे गेले. तारेचा तुकडा अजून माझ्याच मुठीत होता.

“हिचे काय करणार होता?” त्यांनी विचारले.

मी सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “आधीपासून तार लावून ठेवली असतीत तर बोर्डाने तुम्हाला पकडले असते. पंखा बंद असताना स्विच जुळलेला दिसला, तर तो कोणीतरी फसवतो आहे असे समजतो आणि सुरूच होत नाही. पण पंखा सुरू झाल्यावर तार लावली असतीत, तर त्याने तुमच्यावर विश्वास ठेवला असता. ज्योत पेटली असती. मग धूर कुठे गेला असता?”

पाइपात बर्फाचे बूच. अपुऱ्या हवेत जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड तयार करतो. त्याला रंग नाही, वास नाही. घरात त्याची सूचना देणारा भोंगा होता, हे खरे. पण वरच्या खोलीत, दारे लावून, दोन महिन्यांची नात निजली होती. मी खाली जिन्याच्या पायरीवर बसलो. माझे पाय थंडीने कापत नव्हते.

संक्रांतीचा चहा

१५ तारखेला मकर संक्रांत होती. योगायोगाने त्याच दिवशी आयोवात अध्यक्षीय निवडणुकीसाठी पक्षांच्या सभा होत्या; त्या सभांच्या इतिहासातला हा सर्वांत थंड दिवस असे सगळीकडे म्हणत होते. सभेला जाण्याआधी म्हातारबुवा आमच्याकडे चहाला आले. सौ.नी तिळगूळ दिला. गोड बोलण्याचा अर्थ त्यांना समजावला तेव्हा ते म्हणाले, “परवा रात्री मी गोड बोललो होतो ना?”

मग जुन्या गोष्टी निघाल्या. त्यांच्या लहानपणी स्वयंपाकघरातल्या शेगडीत मक्याची कणसे, म्हणजे दाणे काढलेली बुरखुंडे, आणि लाकूड जाळीत. त्यांच्या आईचा अर्धा हिवाळा जळण भरण्यात आणि राख काढण्यात जाई. आपल्या मायबहिणींना हे सांगायला नकोच.

थर्मोस्टॅटची कथा तर एका मास्तरांची आहे. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथे वॉरेन जॉन्सन नावाचे शिक्षक होते. शाळेचा शिपाई दर थोड्या वेळाने वर्गात येऊन थंडी-गरमी पाही आणि तळघरात जाऊन भट्टीची झडप हलवी. शिकवण्यात व्यत्यय येई. म्हणून त्यांनी वर्गातून तळघरात विजेने निरोप देणारे साधन केले आणि १८८३ साली त्याचे पेटंट घेतले. १८८५ च्या सुमारास मिनिआपोलिसमध्ये अल्बर्ट बट्झ यांनी कोळशाच्या भट्टीची झडप थंडी पडताच आपोआप उघडणारे यंत्र बनवले. पुढे १९५३ साली हनीवेल कंपनीचा गोल थर्मोस्टॅट निघाला. तो असंख्य अमेरिकन घरांच्या भिंतींवर बसला.

गॅसच्या जुन्या भट्टीत एक लहान ज्योत बाराही महिने तेवत असे, नंदादीपासारखी. तिच्या शेजारी दोन धातूंची जोडलेली टोके असत. ज्योतीच्या उष्णतेने त्यांत व्होल्टचे वीस-तीस हजारांश भाग एवढी वीज निर्माण होई आणि तेवढ्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राही. ज्योत विझली की वीज गेली, आणि व्हॉल्व्ह बंद. म्हणजे पुरावा मागण्याची रीत जुनीच. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचवण्याची निकड लागली. विनाकारण तेवणारी ज्योत डोळ्यांवर आली. १९८७ साली कायदा झाला आणि १९९२ पासून नव्या भट्ट्यांना किमान ७८ टक्के कार्यक्षमतेची अट लागू झाली. नंदादीप गेला, इलेक्ट्रॉनिक बोर्ड आला.

“तोटा एकच,” म्हातारबुवा म्हणाले. “पूर्वीच्या काही भट्ट्या वीज नसतानाही चालत. आताची भट्टी विजेशिवाय मुकी. टाकी भरलेली आणि घर गारठलेले.” १० ऑगस्ट २०२० रोजी आयोवात मोठे वादळ झाले. मका आडवा झाला, कणग्या कोलमडल्या आणि कित्येक घरांत दिवस-दिवस वीज नव्हती. तेव्हापासून त्यांनी जनरेटर ठेवला आहे. आणि तो घरापासून लांब, उघड्यावरच चालवतात, कारण तोही तोच विषारी वायू सोडतो.

माझी एक जुनी चूक

त्या संध्याकाळी मी त्यांना एक गोष्ट सांगितली. ती आता तुम्हालाही सांगतो.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी रजेवर गावी गेलो होतो. आमच्या विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटार. गहू ओंबीवर आलेला, पाण्याची पाळी रात्रीची. मोटार लावली की स्टार्टर पडायचा. आत सिंगल फेज प्रिव्हेंटर होता. मी शिकलेला मुलगा! भावाला म्हणालो, हा डबाच खराब आहे. वायर जोडली, मोटार डायरेक्ट केली आणि घरी येऊन झोपलो.

एक फेज गेलेला होता. मोटार रात्रभर दोन फेजवर गुरगुरत राहिली आणि पहाटे जळाली. रिवाइंडिंग होऊन येईपर्यंत बारा दिवस गेले. ओंबी चिकात असताना पाणी चुकले की काय होते, हे मी पुढे शेकडो सभांतून शेतकऱ्यांना सांगितले. ते मी आमच्याच रानात पाहिलेले होते. दाणा चिमला. वडील मला एक शब्द बोलले नाहीत. ते बांधावर बसून गव्हाकडे पाहत राहिले.

हे सांगून झाल्यावर म्हातारबुवांनी आपली कथा सांगितली. त्यांच्याही मका वाळवण्याच्या यंत्रात ज्योत ओळखणारी सळई आहे. एका मोसमात ते यंत्र सारखे थांबू लागले. बोर्ड बदलायला निघाले होते, तर सळईवर नुसती काजळी बसली होती. गॅस आणि वीज बंद करून सळई बारीक घासणीने पुसली, काम झाले.

आपण काय घ्यावे

बंधू-भगिनींनो, आपल्याकडे घर तापवायची भट्टी नको. पण थांबणारी यंत्रे आपल्याकडेही आता कमी नाहीत. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

मोटार पडली तर प्रिव्हेंटरला शिव्या देण्याआधी तिन्ही फेज आहेत का, फ्यूज, जोड, विहिरीतले पाणी पाहा. डीपीवर स्वतः चढू नका, वायरमनला बोलवा.

गॅस गिझर न्हाणीघराच्या आत लावू नका. बंद दारात आंघोळ करताना गुदमरून माणसे गेल्याच्या बातम्या आपण थंडीत वाचतो. तो हाच वायू. गिझर बाहेर मोकळ्या हवेत असावा आणि गरम पाणी नळीने आत यावे.

कोंबड्यांच्या शेडमध्ये पिलांना ऊब देण्यासाठी गॅसचा ब्रूडर किंवा कोळशाची शेगडी लावता, तेव्हा पडदे पूर्ण बंद करू नका. वरून हवा जायला जागा ठेवा. आणि शेगडी पेटवून बंद खोलीत माणसांनी कधीच निजू नये.

चौथी गोष्ट, यंत्राच्या दाराच्या आत चिकटवलेला कागद वाचा. तो कंपनीने शोभेसाठी लावलेला नसतो.

मार्चमध्ये गावी गेलो तेव्हा धाकट्या भावाबरोबर विहिरीवर गेलो. स्टार्टरचा डबा उघडून पाहिला. आत प्रिव्हेंटरला वळसा घालून एक तांबडी वायर जोडलेली. भाऊ ओशाळून म्हणाला, “दादा, सारखी पडत होती, काय करू? कांदा ऐन भरात होता.”

मी त्याला काही बोललो नाही. बोलण्याचा हक्कच नव्हता. मेन स्विच खाली ओढला, टेस्टर लावून खात्री केली आणि ती तांबडी वायर काढून खिशात टाकली. मग वायरमनला निरोप धाडला. दुपारी तो आला, खांबापासून येणारी वायर तपासली. एका जोडावरची पट्टी सोडवली तर आत तांबे काळे पडून सैल झालेले होते. प्रिव्हेंटर दोन महिने तेच सांगत होता.

जोड नवा केला. भावाने बटण दाबले. मोटार लागली आणि या वेळी पडली नाही. पाटाला पाणी आले तेव्हा भाऊ म्हणाला, “ती वायर दे दादा, उपयोगाला येईल.”

मी ती दिली नाही. अजून माझ्या कपाटात आहे.